सुटकेसमधलं ऊन

जे. पी. नगर, बेंगळूर
शनिवार दुपार

प्रिय अक्का,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी भावजींना विचारशील, भाग्याच्या घरी सगळं बरं आहे ना. बरं आहे. चांगलंच बरं आहे. फोन सोडून पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठी, की फोनवर मी लेकींच्या वस्तीचं नाव काढलं की तू "सरी, नोडोण" म्हणून बघू-बघू करतेस आणि फोन भावजींच्या हातात देतेस. मग ते बिचारे मला म्हैसूरची हवा सांगत बसतात. हा कागद तुला असा पुढे सरकवता येणार नाही. सरकवलास तरी तो परत तुझ्याकडेच येईल, कारण भावजींना माझं अक्षर लागत नाही.

तर ऐक. मी एक वस्तू केली आहे. शिवलेली नाही, केलेली. माझ्या नवरोबाची, रणजीतची, ती जुनी चाकांची सुटकेस तुला आठवत असेल, कडक पाठीची, जिची चेन गेली होती. तिच्यात मी बॅटरी बसवली आहे. तिला जोडायला काचेच्या दोन सोलर पाट्या आहेत, वहीसारख्या मिटतात आणि उन्हात उघडून ठेवता येतात. दिवसभर पाट्यांना ऊन दाखवलं की बॅटरी भरते. रात्री सुटकेसला प्लग लावायचा आणि तुझं श्वासाचं मशीन सकाळपर्यंत चालतं. देवीच्या टेकडीवर वीज नाही, हे तुझं कारण संपलं. हे मी पहिल्याच पानावर सांगून टाकते आहे, म्हणजे पुढची पानं तू निवांत रागावून वाचशील.

आमच्या वरच्या मजल्यावर निहार म्हणून पुण्याचा एक मुलगा भाड्यानं राहतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याला मी लेकींच्या वस्तीचं सांगितलं, तेव्हा तो उपम्याचा चमचा हातात धरून ऐकतच राहिला. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की किती न्यारी गोष्ट आहे ही. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला घराण्यातल्या सगळ्या लेकी, लग्न झालेल्या, न झालेल्या, म्हाताऱ्या, पाळण्यातल्या, कनकपुरा रस्त्याच्या पुढच्या त्या टेकडीवर अंबाभवानीच्या मंडपात एका रांगेत गाद्या घालून झोपतात. भाऊ आणि जावई पायथ्याशी चुली पेटवून रांधतात आणि ताटं वर आणून वाढतात. त्या रात्री देवीच्या कानावर लेकींच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज पडायचा नाही, म्हणून जनरेटर चालत नाही, भोंगा चालत नाही. निहारनं विचारलं, मग रात्रभर करता काय. मी म्हटलं, बोलतो. एवढंच? एवढंच. तो म्हणाला की त्याच्या आईला हे कळलं तर ती नाव बदलून आमच्या घराण्यात येईल.

त्याला एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. सगळ्यांत मोठ्या लेकीची गादी गाभाऱ्याच्या दाराशी असते, आणि ती दोन वर्षं रिकामी आहे. पहिल्या वर्षी तू शाळेच्या परीक्षा सांगितल्यास, दुसऱ्या वर्षी गुडघे, आणि मला एकटीला फोनवर वीज नसल्याचं. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. तुझ्या घोरण्याला चुलत बहिणी कोलारची लॉरी म्हणायच्या, आणि तेव्हा त्यांच्यात सगळ्यांत मोठ्यानं तूच हसायचीस. लॉरीवर हसता येतं. नाकावर मास्क, त्याला नळी, नळीला मशीन, आणि वीस बायका उशीवरून मान उचलून बघताहेत, यावर तुला हसता येईना, हे मला कळलं होतं. कळलं होतं म्हणून मी तुला फोनवर समजावलंही पुष्कळ. चष्मा लावताना लाज वाटते का, मग मास्क लावताना कसली, असं काय काय. तू ऐकून घेतलंस. मागच्या वर्षी तुझ्या गादीच्या जागी, दरवर्षी गाद्या घालणाऱ्या आपल्या व्यंकूनं फुलांच्या परड्या ठेवल्या होत्या. रात्री बोलणं लवकरच संपलं. उतरताना मी ठरवलं की समजावणं पुरे, आता वीजच वर न्यायची.

तयार पेट्या मिळतात, हे तुझ्याही मनात आलंच असेल. रणजीत पहिल्याच दिवशी मोबाइलवर दाखवायला लागला, बटण दाबलं की परवा दारात. मी नको म्हटलं. आपण अप्पांच्या मुली आहोत. शिवाजीनगरच्या त्या अंधाऱ्या गाळ्यात मोटारींना तार गुंडाळून वाढलेल्या मुलींनी वीज विकत आणायची म्हणजे काय? वॉर्निशचा तो वास मला अजून कुठे रस्त्यात आला की थांबायला होतं. तू स्टुलावर बसून वाइंडिंगचं हँडल फिरवायचीस आणि तांब्याची तार सुटू नये म्हणून मी ती कापडाच्या चिंधीत धरायची. अप्पा म्हणायचे, राजूचा हात यंत्राचा, भाग्याचा हात कापडाचा. तू गणिताची मास्तरीण झालीस, मी ब्लाऊज शिवायला लागले, आणि यंत्राचा हात म्हैसूरला खडूनं माखून वाया गेला. पण जो हात शेजारी बसून बघत होता, त्यालाही थोडं काही लागलेलं असतंच की.

महिनाभर व्हिडिओ बघितले. मग एक दिवस अस्तर आणि हूक आणायला चिकपेटला गेले ती तशीच पुढे एस. पी. रोडच्या विजेच्या दुकानांकडे वळले. दुकानदारानं यादी बघितली, माझ्या मागे बघितलं आणि सर कुठे आहेत म्हणून विचारलं. मी म्हटलं, सर बँकेत आहेत, कॅश मोजताहेत. मग तोही हसला, आणि बॅटरी माझ्या अस्तराच्या पिशवीत स्वतःच्या हातानं नीट बसवून दिली. येताना रिक्षावाल्यानं विचारलं, अक्का, एवढं जड काय आहे? मी खरं ते सांगितलं. जे. पी. नगर येईपर्यंत त्याला एकच जाणून घ्यायचं होतं, हिच्यावर त्याची रिक्षा चालेल का. स्वल्प दमानं घ्या, म्हटलं, आधी माझी बहीण चालू दे.

तुझ्या मशीनला वीज किती लागते, हा पहिला प्रश्न होता. तो आकडा मशीनच्या पोटाखाली लिहिलेला असतो. गौरीच्या सणाला भावजी तुझं मशीन उलटं करून त्याचा फोटो का काढत होते, हे आता तुला समजेल. तू त्यांना विचारलंस तेव्हा धूळ बघतोय म्हणाले होते ना? त्यांना रागावू नकोस. पहिला फोटो त्यांनी स्वतःच्या अंगठ्याचा पाठवला होता, दुसरा मशीनचा. निहारनं त्यावरून हिशेब मांडला, केवढी बॅटरी, केवढ्या पाट्या, ढग असले तर काय. तो मला काकू म्हणतो. सुरुवातीला मला राग यायचा. पण आकडे चुकले की सॉरी काकू म्हणतो, ते ऐकायला बरं वाटतं.

बांधणी मात्र सगळी माझी. दोन पाट्यांच्या मध्ये पितळी बिजागऱ्या लावल्या, पाठीला जाड कॅनव्हास शिवला आणि त्यालाच धरायला पट्टा. प्रत्येक तारेला रंगीत दोऱ्याची गाठ मारली, लाल कुठे जाते, काळी कुठे, म्हणजे टेकडीवर चंद्राच्या उजेडातही चूक व्हायची नाही. सुटकेसला हवेसाठी भोकं पाडली आणि भोकांच्या कडा काज्यासारख्या दोऱ्यानं वेढून घेतल्या. त्याची काही गरज नव्हती. हात थांबला नाही, झालं. आणि सगळ्यांत आधी फ्यूज बसवला. व्हिडिओतल्या माणसानं तो शेवटी बसवला होता. मला तू स्टुलावर उभी राहून ओरडताना दिसलीस. दुपारी काम करता करता कधी कधी माझा डोळा लागायचा, तेवढाच काय तो वेळ गेला. एकदा तर अशा झोपेत एका नवरीच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. अत्ते म्हणाल्या, सोलरच्या नादात सुनेचं डोकं तापलं.

आता जे सांगते ते आपल्याच लोकांत होऊ शकतं. पेटी पुरी झाली ती नेमकी आयुधपूजेच्या आदल्या दिवशी. अप्पांच्या गाळ्यातली आयुधपूजा तुला आठवते ना? लेथला हार, वाइंडिंगच्या यंत्राला हार, पक्कड, पाने सगळे हळदीकुंकवानं माखलेले, दारात फोडलेला कोहळा आणि आल्यागेल्याच्या ओंजळीत चुरमुरे-डाळ्यांची कडलेपुरी. तेव्हा मी काय केलं असेल सांग. पाट्या अंगणाच्या कट्ट्यावर भिंतीला टेकवून उभ्या केल्या. अत्तेंनी चारही कोपऱ्यांना गंध लावलं, मधोमध तळहाताएवढं कुंकू रेखलं आणि दोन्ही पाट्यांवरून आडवा, जाडजूड झेंडूचा हार घातला. सुटकेसपुढे लिंबू ठेवलं, कोहळा फोडला, निहारला कडलेपुरी दिली. इतकी देखणी दिसत होती ती, अक्का, की मी फोटो काढून तुला पाठवणारच होते. मग हे सगळं तुला कळायला नको म्हणून हात आवरला.

पूजेच्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, म्हणून दसऱ्याला सकाळी उन्हात जोडणी केली. काही नाही. मीटर लावला तर पाट्यांमधून दाब बरोबर येत होता, पण बॅटरीत काही शिरत नव्हतं. नळाला पाणी दिसतंय आणि बादली भरत नाही, तसं. मी सगळ्या गाठी सोडल्या, परत बांधल्या. रणजीत पाट्या आणि बॅटरी यांच्या मधला कंट्रोलर घेऊन दुकानात गेला, तिथे तो उत्तम चालला. निहार लॅपटॉप घेऊन कट्ट्यावर बसला, कपाळाला आठ्या, आणि मधूनच पाट्यांकडे बघून माझ्याकडे बघायचा, काही बोलायचा नाही. रणजीतनं ढगांना दोष दिला. ढग नव्हते तेव्हा माझ्या व्हिडिओंना दिला. अत्तेंचं म्हणणं वेगळंच होतं. पूजेनंतर मी जोडणीची घाई केली, म्हणून पेटी रुसली आहे. मी रोज सकाळी पाट्या पुसत होते, पण पुसताना हार उचलायचा, काच पुसायची आणि हार परत तसाच नीट ठेवायचा. इथं गाड्यांवरचे हार सुकून आपसूक गळेपर्यंत कोणी काढतं का? मी तरी कुठून काढणार. आठवडा असाच गेला. मला रडू यायला लागलं. मार्गशीर्ष तोंडावर, आणि तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तिढा सुटला तो गाईमुळे. आमच्या गल्लीत एक तांबडी गाय फिरते, अत्ते तिला सकाळी केळ्याची सालं घालतात. त्या दिवशी फाटक उघडं राहिलं. मी आतून बघते तर गाय कट्ट्याशी उभी राहून माझ्या पाटीवरचा हार ओढते आहे. मी खराटा घेऊन धावले. तोवर हार अर्धा पोटात गेला होता, आणि वर तिनं कुंकू जिभेनं स्वच्छ चाटून टाकलं. मी खराटा उगारला, आणि तेवढ्यात सुटकेसवरचा हिरवा दिवा लागला. मीटरचा आकडा उडीच मारून वर गेला. मी तशीच उभी, खराटा वर, आणि गाय दुसऱ्या पाटीकडे वळली. वळू दिली. अत्तेंना हाक मारली, त्या आल्या, त्यांनी गाईला बघितलं, दिव्याला बघितलं आणि जागच्या जागी हात जोडले. नक्की कोणाला जोडले ते मी विचारलं नाही.

निहार धावत खाली आला. काचेवरचे ते काळे चौकोन एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात, एकावर सावली पडली की सगळ्या साखळीचा प्रवाह अडतो, असं त्यानं मला समजावलं. हार बरोबर एका आडव्या ओळीवर बसला होता. मी विचारलं, हे तुला आता कळलं? तो खाली बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "पहिल्याच दिवशी वाटलं होतं, काकू. पण म्हटलं, तुमच्यात तो काढत नसतील." अक्का, मी कट्ट्यावर बसून इतकी हसले की अत्ते पाणी घेऊन आल्या. आठवडाभर तो पोरगा आमच्या धर्माला धक्का लागू नये म्हणून लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता, आणि आम्ही त्याच्या आकड्यांना धक्का नको म्हणून त्याला काही विचारत नव्हतो. त्या संध्याकाळी मी त्याला पुरणपोळी वाढली आणि बजावलं, की या घरात हार दिसला आणि खटकला, तर सरळ काढायचा.

त्यानंतर पेटीनं एकदाही दगा दिलेला नाही. दिवाळीच्या आधी आम्ही पहिली मोठी परीक्षा घेतली. तुझ्या मशीनएवढीच वीज खाणारा छोटा टेबलफॅन सुटकेसला जोडून आमच्या खोलीत रात्रभर चालू ठेवला. मधे बंद पडला तर कधी पडला हे कळावं, म्हणून रणजीतनं उशाशी मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. सकाळी उठले तर पंखा फिरतोच आहे. कॉफी घेऊन आम्ही दोघं रेकॉर्डिंग ऐकायला बसलो, मधे मधे पुढे ढकलत. पंख्याचा आवाज कुठेच थांबला नव्हता. त्यात आणखीही काही होतं, त्याचं सांगतेच. आणि पंख्यावर न थांबता खऱ्या मशीनवरही चालवून बघितलं आहे, हवा ओलसर ठेवायला पाणी तापवणारी त्याची टाकी न लावता. कितीतरी रात्री. सकाळी अर्ध्याच्या जवळपास बॅटरी उरते.

आज लिहिताना अप्पा सारखे आठवताहेत. त्या सकाळी गाळ्याचं शटर उघडायची वेळ टळून गेली तरी ते उठले नाहीत. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, झोपेत गेले, पुण्यवान माणूस. तू एकटी म्हणाली नाहीस. तू आईला म्हणालीस, की अप्पांचा श्वास रात्री मधेच थांबायचा, आणि तो परत सुरू होईपर्यंत तू अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडायचीस. आईनं तुला जवळ घेतलं, पण कोणी त्यावर पुढे बोललं नाही. मी तुझ्याच शेजारी झोपायची. मला गाढ झोप लागायची, मी कधी ऐकलं नाही. म्हैसूरच्या डॉक्टरनं तुला मशीन दिलं तेव्हा तू मला एवढंच म्हणालीस, "अप्पांना मिळायला हवं होतं." त्यावरही मी चष्म्याचंच उदाहरण दिलं असणार.

आता नीट ऐक, आणि भावजींना हाक मारू नकोस. त्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याच्या वर एक घोरणं होतं. चढत जायचं, मग एकदम गप्प. पंखा तेवढा ऐकू यायचा. मग धाप लागल्यासारखं परत सुरू. मी रणजीतला म्हटलं, अक्काचं रेकॉर्डिंग तुझ्याकडे कुठून आलं? तो हसला नाही. खोलीत त्या रात्री आम्ही दोघंच होतो, आणि त्यातला एक त्याच्या कितीतरी आधीपासून माझी झोप मोडू नये असं सांगून हॉलमधल्या सोफ्यावर जात होता आणि त्या रात्री पंख्यासाठी म्हणून खोलीत झोपला होता. माझी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, घराण्यात असतं, आणि वडिलांबद्दल विचारलं. दिवाळीनंतर माझंही मशीन आलं. पहिल्या सकाळी अत्ते चहा घेऊन खोलीत आल्या, मास्क आणि नळी बघून दारात थबकल्या, आणि उठल्या उठल्या गणपतीचं दर्शन झालं म्हणाल्या. दुपारची झोप गेली, बाह्या जागच्या जागी बसायला लागल्या, मला फार बरं वाटतं आहे, आणि हे सगळं मी आनंदानं लिहिते आहे. पण पहिल्या रात्री मास्क लावून आरशात बघितलं तेव्हा मनात पहिली गोष्ट आली ती ही, की यंदा वस्तीला जायचं नाही. व्यंकूला फोन करून सांगितलंही, लग्नसराई आहे, ब्लाऊज पडलेत. फोन ठेवला आणि कळलं, तुझे गुडघे आणि माझे ब्लाऊज एकच. तुला इतकं समजावणारी मी, मला एका रात्रीचा धीर झाला नाही. पेटी मी तुझ्यासाठी केली, हे खरं आहे. पत्र मात्र माझ्यासाठी लिहिते आहे. त्या रांगेत एकटीनं मास्क लावून झोपायचं धैर्य माझ्यात नाही, अक्का. तू शेजारी असलीस तर आहे. परवा एस. पी. रोडला जाऊन दुसरी बॅटरी घेऊन आले, आता दोघींची मशीनं मिळून सकाळपर्यंत चालतात. तू हो म्हण. मग मी व्यंकूला सांगते, की ब्लाऊज झाले, आणि गाभाऱ्याच्या दाराशी दोन गाद्या घाल, मधे एक सुटकेस मावेल एवढी जागा सोडून.

तुझ्या फोनकडे कान लावून बसलेली,
तुझीच धाकटी
भाग्या